पसंतीला निघालेली भांडी

माझं शिक्षण चौथी. तीसुद्धा गुरुजींनी ढकललं म्हणून. तरी मी यवतमाळला जाऊन कर सल्लागारांच्या वर्गात बसलो, फी भरून बसलो, हे मी कोणालाही सांगतो. लोक हसतात. हसू द्या.

व्यापाऱ्याची तपासणी लागली, दंड झाला, की त्याच्या वतीनं साहेबासमोर कसं उभं राहायचं, काय दाखवायचं, काय बोलायचं, हे त्या वर्गात शिकवायचे. मला तिथं जावं लागलं ते भांड्यांमुळे.

पांढरकवड्यात माझं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. वडिलांनी मांडलं, मी चालवलं. आमच्या दुकानाची जुनी रीत अशी, की मुलीचं लग्न ठरलं की आंदणाची भांडी आम्ही तिच्या घरी पाठवायची. पाण्याचे गुंड, गंगाळ, पराती, गडवे, सगळं ओसरीत मांडायचं. मग घरच्या आणि शेजारच्या बाया बसतात, बोटानं वाजवून पाहतात, हातावर तोलतात, एकमेकींच्या निवडीला नावं ठेवतात. आवडलं ते ठेवून घेतात, उरलेलं परत. बिल त्यानंतर. विकलं काय तेच आधी माहीत नसतं, तर बिल कशाचं फाडणार? याला आम्ही पसंतीला पाठवणं म्हणतो.

असाच एकदा झरी तालुक्यातल्या एका गावाला माल घेऊन निघालो होतो. मालवाहू ऑटो, पुढं ड्रायव्हर आणि मी. गावाच्या फाट्यावर मुलीचा बाप आम्हाला घ्यायला उभा होता. त्याच फाट्यावर कर खात्याचं फिरतं पथकही उभं होतं.

"बिल दाखवा," त्यातला एक जण म्हणाला.

"बिल कायचं साहेब? पसंतीले चालले भांडे."

"पसंतीले?" तो जोडीदाराकडे पाहून हसला. "म्हणजे भांड्यायचंच लग्न जुळून राह्यलं का?"

मी रीत समजावून सांगायला लागलो. त्यानं हात वर केला. "काकाजी, कागद नाही म्हणजे चोरीचा माल. आपल्याले याचं दुसरं नाव माहीत नाही."

मुलीचा बाप दोन हातांच्या अंतरावर उभा होता. चहाच्या टपरीवर गावची माणसं होती. सगळ्यांच्या देखत म्हणाला. चोरीचा.

दंड लागला. तो भरून माल सोडवला, तोवर लग्न होऊन गेलं होतं. त्या घरानं भांडी वणीहून आणली, असं ड्रायव्हरनं येऊन सांगितलं. मी काय समजायचं ते समजलो. चोराच्या दुकानातलं आंदण कोण घेईल?

माझी महिन्याची विवरणपत्रं भरणारे सल्लागार म्हणाले, "दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. अपील करू. बोलायचं ते मी बोलतो."

"बोलणार मी," मी म्हटलं. "माल माझा, नाव माझं. तुम्ही काय बोलणार?"

"स्वतः उभं राहता येते, कायद्यानं मनाई नाही. पण तिथं बोलणं म्हणजे दुकानात बोलणं नाही काकाजी. शिकावं लागते. यवतमाळले वर्ग चालते त्याचा, जाता का?" ते गमतीनं म्हणाले. मी तारीख विचारून घेतली.

मुलाचा पुण्याहून रविवारी फोन येतो. तो म्हणाला, "बाबा, या वयात कायले कटकट? सल्लागाराकडे सोपवा अन् मोकळे व्हा." दुसरं काही त्यानं विचारलं नाही. पथकवाला काय बोलला ते मी त्याला सांगणार होतो, पण त्याच्या मागे कोणी हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

घरात मी एकटा. बायको जाऊन काही वर्षं झाली. ती होती तेव्हा संध्याकाळी दुकानातली डागाळलेली भांडी घरी आणायचो. ती चिंचेनं घासायची आणि मी दिवसभराचं सांगायचो. ती मान वर न करता म्हणायची, "मंग?" तेवढंच. पण त्या "मंग" वर माझी गोष्ट पुढे जायची. आता भांडी मीच घासतो, आणि घासताना बोलत नाही. टीव्ही बोलतो.

पहिल्या रविवारी सकाळच्या एसटीनं यवतमाळला गेलो. एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर वर्ग. दारात नावं घेणाऱ्या माणसानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोणाले सोडायले आले काकाजी?"

"बसायले आलो."

"हे सल्लागार लोकायसाठी आहे. शिक्षण काय तुमचं?"

"चौथी. फी किती?"

तो आत गेला आणि शिकवणाऱ्या वकिलांना घेऊन आला. म्हातारा माणूस, माझ्याच वयाचा, आवाज अगदी हळू. त्यांनी माझं सगळं प्रकरण उभ्या उभ्या ऐकलं. मग म्हणाले, "बसा. पण एक अट. आम्ही इथं खोटी सुनावणी करून शिकतो. पक्षकार म्हणून दर वेळी कोणाला तरी उभं करावं लागतं. यापुढे पक्षकार तुम्ही."

वर्गात बरीच पोरं होती, कॉमर्स शिकलेली. माझी प्रतिनिधी म्हणून त्यांनी एका बाईला नेमलं. पस्तिशीची असेल. यवतमाळचीच, स्कूटीवर यायची. इतकी वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात संगणकावर विवरणपत्रं भरली, आता स्वतःच्या नावानं काम सुरू करायचं होतं. अजून एकाही साहेबासमोर उभी राहिली नव्हती. मला पाहून तिचा चेहरा पडला. माझाही पडला असेल.

वकीलसाहेब टेबलामागे साहेब होऊन बसले.

"धंदा काय तुमचा?"

"भांड्याचा. तांबं अन् पितळ. माझ्या बापानं डोक्यावर पाटी घेऊन..."

"काकाजी," ती बाजूनं कुजबुजली, "विचारलं तेवढंच."

"माल बिलाशिवाय का जात होता?"

"विकलाच नव्हता साहेब. विकल्याशिवाय बिल कायचं?"

वर्ग खूश झाला. कोणीतरी बाक वाजवला. मला जोर आला.

"असं नेहमीच पाठवता का?" वकीलसाहेबांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"तर मंग! दर लग्नसराईत पाठवतो. बापाच्या काळापासून. एक गाव नाही सुटलं!"

बाईनं कपाळाला हात लावला. वकीलसाहेब पोरांकडे वळले. "काय झालं आता?"

मागून एक जण म्हणाला, "सर, एका ऑटोचं प्रकरण होतं. काकाजींनी सगळ्या वर्षांची तपासणी घरी बोलावली."

हसून हसून पोरं लोळली. मी उभाच होतो. "मंग खोटं सांगू का?"

"खोटं नाही," वकीलसाहेब म्हणाले. "विचारलं ते सांगा, अन् थांबा. नेहमीचं विचारलं तर तुमच्या प्रतिनिधी म्हणतील, आज प्रश्न या एका गाडीचा आहे. तुम्हाला थांबता येत नाही, ही खरी अडचण आहे."

बरोबर होतं ते. थांबता येत नव्हतं. पण मला कोणी प्रश्न विचारून किती दिवस झाले होते, ते त्यांना काय माहीत? दुकानात गिऱ्हाईक भाव विचारतं. मुलगा गोळ्या घेतल्या का विचारतो. तुमचा धंदा काय, माल का पाठवला, असं समोर बसून, उत्तराची वाट पाहत कोणी विचारत नव्हतं. खुर्ची खोटी, साहेब खोटा, तरी मला तिथं बोलावंसं वाटायचं. मी रविवारची वाट पाहायला लागलो.

दुपारी सगळे डबे घेऊन घोळक्यानं बसायचे. मी खिडकीपाशी भाकरी आणि ठेचा खायचो. एकदा ती बाई आपला डबा घेऊन आली.

"घरी कोण कोण असते काकाजी?"

"मी."

तिनं वांग्याची भाजी माझ्या डब्याच्या झाकणात वाढली आणि फाईल उघडली. "हे ऐका. मी असं मांडणार आहे. भांडी पसंतीला पाठवायला कायद्यात मनाई नाही. सोबत फक्त चलान पाहिजे होतं, माल विकला नाही, नुसता पाठवला आहे असा कागद. ते नव्हतं. म्हणून ही कागदाची चूक आहे, कर बुडवायचा हेतू नाही."

"चूक नाही," मी म्हटलं.

"चलान होतं का?"

"नव्हतं. आमच्यात कधीच नसते. चूक तो करते ज्याले रीत माहीत नाही."

"मंग त्यायले चोरी म्हणू देता का?"

"चोरी बी नाही, चूक बी नाही."

"तिसरा रकाना नाही काकाजी!" तिचा आवाज चढला. पलीकडचे वळून पाहायला लागले. "इथं दोनच आहेत. एकात बसा, नाहीतर दुसऱ्यात बसवतील. अन् तुम्ही स्वतः बोलले तर दुसऱ्यातच जाल. मी पाहून राह्यली दर रविवारी."

मी भाकरी गुंडाळली. त्या दिवशी वर्ग सुटेपर्यंत तिच्याशी बोललो नाही. पुढच्या रविवारी गेलोच नाही. दुकान बंद, घरी बसून राहिलो. दिवसभर कोणी आलं नाही, फोनही दुपारनंतर आला. त्याच्या पुढच्या रविवारी एसटी पकडली आणि दारातच तिला म्हटलं, "कुठं सही करू? खऱ्या सुनावणीतही तूच बोल. पण कागदावरून चोरीचा शब्द निघाला पाहिजे."

"निघेल," ती म्हणाली.

अपिलाची सुनावणी झाली त्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसलो. साहेब तरुण होता, सर्दी झालेली, रुमाल हातातच. बाई सुरुवातीला अडखळली, मग सुरळीत बोलली. वर्गात शिकवलं होतं तसंच, एक मुद्दा, एक कागद, मग थांबणं. बाया भांडी कशी वाजवून पाहतात ते तिनं सांगितलं नाही. माझ्या बापाची पाटी सांगितली नाही. पाच मिनिटांत माझं सगळं आयुष्य चलानाच्या एका कागदावर येऊन बसलं. मी गप्प होतो. मला थांबता येतं, हे पाहायला तिथं वकीलसाहेब नव्हते.

शेवटी साहेबानं फाईल मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मांडीवर ठेवलेला बाईचा हात आवळला गेला, मी पाहिलं. हाच प्रश्न मला पाहिजे होता. फाट्यावरच्या त्या दिवसापासून याचं उत्तर मी घासून ठेवलं होतं. पण इतकं सगळं एकदम आलं की तोंडातून एकच वाक्य निघालं.

"साहेब, ते भांडे चोरीचे नव्हते."

साहेब गोंधळला. त्यानं फाईल पुन्हा उघडली, पानं चाळली. "असं कोणी म्हटलं आहे काका? या फाईलीत असा शब्द कुठंच नाही. कागदपत्रांशिवाय मालाची वाहतूक, एवढंच आहे."

"कुठंच नाही?"

"नाही."

मी बाईकडे पाहिलं. तिला पहिल्यापासून माहीत असणार. तिनं खाली पाहिलं.

अपील मंजूर झालं. मोठा दंड गेला, कागदाच्या चुकीपोटी नाममात्र दंड राहिला. बाहेर येऊन बाई व्हरांड्यात उभी राहून घरी फोन लावत होती. तिची पहिली केस. डोळे पुसत होती, हसत होती. मी जातो म्हणून हात केला. तिनंही फोन कानाला ठेवून हात केला. तिच्यावर राग नव्हता. जो शब्द कागदावर नव्हता, तो ती कुठून काढणार होती?

तो शब्द फाट्यावर बोलला गेला होता. मग फाट्यावरच जायला पाहिजे, असं मला वाटलं. निकालाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी झरीकडच्या एसटीत बसलो.

मुलीचा बाप घरीच होता. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत होत्या, तो काठीनं कोंबड्या हाकलत होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला.

"अरे, भांडेवाले भाऊ! या, या. इकडं काहून येणं झालं?"

"असंच. पोरगी बरी आहे?"

"मजेत. नांदून राह्यली. तुमचे भांडे काही नशिबी नव्हते पा. माल अडकला, लग्न तोंडावर, म्हून वणीहून आणले. तुमाले राग तर नाही आला?"

"नाही, नाही."

घरात दुसरं कोणी नव्हतं, बाया कापूस वेचायला गेल्या होत्या. त्यानंच चुलीवर चहा ठेवला. मी पिशवी मांडीवर घेतली.

"त्या दिवशी फाट्यावर," मी म्हटलं, "तो साहेब तुमच्यासमोर जे बोलला..."

"काय बोलला होता?"

तो खरंच आठवत होता. कपाळाला आठ्या घालून, चहा ढवळता ढवळता.

मी तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर आला. त्या माणसाच्या डोक्यात तो नव्हताच, कधी राहिलाच नव्हता. मी बोललो असतो तर पहिल्यांदा माझ्याच तोंडून त्याच्या घरात गेला असता.

"काही नाही," मी म्हटलं. "कागद मागत होता."

"हां. ते लोक मागतच असतात," तो म्हणाला आणि कपात चहा ओतला. चहात साखर फार होती. मी पूर्ण प्यायलो. मग परतीची एसटी कधी आहे ते विचारलं. तो म्हणाला, वेळ आहे अजून, बसा. पण बोलायला आमच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो.