तिसऱ्या दिवसाचे दाणे

उंदरांचे प्राण वाचवायला निघालेली मुलगी तुम्ही पाहिली नसेल. ती मी होते — दोन घट्ट वेण्या, खरचटलेले गुडघे, आणि अक्कल बहुधा घरी विसरून आलेली.

शहराबाहेरच्या तरसालीच्या टोकाला तेव्हा सोसायट्या नव्हत्या. आमच्या कुंपणापलीकडे थेट मणिकाकांचा गहू. त्या हिवाळ्यात उंदीर असे माजले की ओंब्या भरण्याआधीच ताटे कातरून आडवी पडू लागली. सकाळी बांधावर जावे तर भुसभुशीत ताजी माती आणि चुरडलेल्या हिरव्या गव्हाचा गोडसर, ओला गंध… काकांनी एका संध्याकाळी सारी बिळे चिखलाने लिंपली. सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसली, त्यांत तेल चोळलेला बाजरीचा भरडा दोन दिवस पुड्या बांधून ठेवला. टोपली धरून मी मागे. केवढा हा दयाळू माणूस! "मणिकाका गणपतीच्या वाहनाला जेवू घालतात," असे घरी तोऱ्यात सांगूनही झाले.

तिसऱ्या दिवशी भरड्यात काळी पूड पडली, लसणीसारखा उग्र दर्प सुटला, आणि काका आपल्या गुजराती वळणाने म्हणाले, "आज तू आघी रहा, दीकरा. आज दवा छे." म्हणजे आज विष, मी लांब राहायचे. आधीचा पाहुणचार उंदरांची भीड चेपण्यासाठी होता, हे तेव्हा उमगले. काका जेवायला गेले, आणि ही वीरांगना बिळाबिळांतून पुड्या उपसत फिरली. फ्रॉकच्या ओच्यात भरून गोठ्यामागच्या गवताच्या ढिगात लपवून आली…

गोठ्यात चांदी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हशीची पारडी. काकांच्या आई शांताबांनी तिला बाटलीने दूध पाजून जगवले होते. तिचे दावे सैल होते. तेलाचा वास तिला ढिगाकडे घेऊन गेला.

आज त्या शेतावर आमचीच इमारत उभी आहे. पार्किंगमध्ये उंदीर झाले की नातवंडे विचारतात, आजी, औषध टाकू का? मी उठून आत जाते.

त्या संध्याकाळी गोठ्यातली म्हैस एकसारखी रेकत होती. शांताबा चांदीचे थंड डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "मीच… मीच लपवल्या पुड्या," म्हणत मी भोकाड पसरले. त्यांनी ते डोके हलकेच खाली ठेवले, झडप घालून माझी मनगटे धरली आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या,

"रड नंतर, दीकरा. पहेला हात दाखव. तोंडात नाही ना घातलास?"