पेल्यांवरच्या चिठ्ठ्या

वाघाच्या पंजाचा ठसा दिसला तरी तो वाघाचाच आहे ना, हे दोनदा मोजून मगच पळणारा मी माणूस. सावली गावापासून वैनगंगेपर्यंत माझ्याहून संशयी कोणी सापडला, तर माझ्या मिशा त्याच्या नावावर करून देईन. तेव्हा धाकट्या भावाची पोरगी, चंद्रपूरच्या कॉलेजात संशोधन करणारी, माझ्या जुन्या सुवासिक धानाचं बी प्रयोगाला मागायला आली, तशी मी कोठीला कुलूपच घातलं.

"मोठेबाबा, प्रथिन मोठं असते. पेशीत आपलं आपण शिरत नाई. त्याले एक चिमुकला पेप्टाइड, म्हंजे प्रथिनासारखाच बारका तुकडा, जोडला, की तो त्याले आत ओढून नेते."

"दार न वाजवता घरात शिरते तो चोर, पोरी. माह्या बियाची जात बदलवून राह्यली का तू?"

"जात तशीच राह्यते. प्रथिन दोन-चार दिवसांत मोडून जाते."

"दाखव मंग. तवा बी देतो."

धानाची चार रोपं घेऊन मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो. दोन पेल्यांत चमकणारं प्रथिन. एकात पेप्टाइड जोडलेलं, दुसऱ्यात नुसतंच. कोणतं कुठलं, ते वरच्या चिठ्ठ्यांवर. दोन्हींत एकेका रोपाची मुळं बुडवून ती तिच्या सरांना बोलवायला गेली. ही चिठ्ठी वाचूनच निकाल सांगणार, हे मी ओळखलं. दिल्या दोन्ही चिठ्ठ्या बदलून!

मुळं धुऊन तिनं सूक्ष्मदर्शकात पाहिलं अन् तिचा चेहरा असा उतरला, की मेलेल्या माशानं त्याहून बरं दिसावं. चिठ्ठीप्रमाणे नुसत्या प्रथिनात बुडवलेल्या मुळांच्याच पेशी चमकत होत्या.

"पेप्टाइडशिवाय शिरत असेल, तर इतके दिवस आपण काय मोजलं?" सर म्हणाले.

पोरगी खालीच बसली. आता माझ्या मिशाही खाली.

"चिठ्ठ्या म्या बदलवल्या," मी म्हटलं.

"काऊन, मोठेबाबा?"

"तुह्यावर भरोसा नव्हता."

मला वाटलं, सुटलो. निकाल तर तिच्याच बाजूचा निघाला होता. पण तिनं दोन्ही पेले ओतून टाकले.

"आता तुमचं तरी काऊन खरं मानू?"

उरलेली दोन रोपं घेऊन तिनं सगळं पुन्हा केलं. चिठ्ठ्या सरांच्या खिशात, मी बाहेर बाकावर, दाराला आतून कडी. या वेळी पेप्टाइडवालीच मुळं चमकली. मला बोलावून दाखवलं. मी दोनदा पाहिलं.

घरी येऊन कोठीचं कुलूप काढलं. बी माझ्याच हातानं तिच्या पिशवीत ओतलं. पोरगी बियाकडे पाहतच नव्हती. तिची नजर माझ्या हातांवर होती.