चौघांना मिळून एक गुण

सुलभा सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चारोटी नाक्यावर जीपमध्ये डिझेल भरत होते. मागे विद्यार्थी होते, उधव्याच्या पाड्यावर जायचं होतं. गाडी मागे फिरवावी का, असं वाटलं... पण तसं केलं असतं तर सिस्टरांनीच मला झापलं असतं. आम्ही गेलो.

त्या नर्सिंगच्या शिक्षिका. २०१४ साली मी डॉक्टरकी शिकत होते, वर्गात पहिली आणि नाक कायम वर. सिस्टरांनी मला नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपीच्या तिघांसोबत याच पाड्यावर आणलं. एका आजोबांनी टीबीच्या गोळ्या सोडल्या होत्या. आम्ही चौघांनी एकामागून एक त्यांना तेच प्रश्न विचारले. शेवटी आजी वैतागली. "एकाच गाडीतून आलात ना तुमी? मंग एकमेकांशी बोलत नाय का?"

संध्याकाळी सिस्टरांनी आमच्या वह्या अंगणात मांडल्या. माझ्या वहीत औषधं अचूक होती. फार्मसीवाल्याने उरलेल्या गोळ्यांची नोंद केली होती. आजोबांना चुलीपर्यंतही जाववत नाही, हे फिजिओवालीने लिहिलं होतं. आजी एरवी पहाटेच मजुरीला जाते, आजोबा दुपारपर्यंत उपाशी असतात, हे नर्सिंगच्या मुलीने. उपाशीपोटी गोळी उलटायची, म्हणून ती सुटली होती. सिस्टरांनी चौघांना मिळून एकच गुण दिला, शून्य.

"माझं तर बरोबर होतं!" मी भांडले.

"होतं ना. आजोबा गोळी घेतायत का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एकत्र आजीकडे बसलो. भाकरी आजोबांच्या उशाशी ठेवायची आणि ती खाल्ल्यावर शेजारच्या सुनेने गोळी द्यायची, असं ठरलं. आजोबा पुन्हा गोळ्या घेऊ लागले.

हुशार मुलांचं नुकसान होतं म्हणून कॉलेजने वेगवेगळे गुण मागितले. सिस्टर म्हणाल्या, "मग पाड्यावर दुसरं कुणीतरी पाठवा." दुसरं कुणी जाईना. अशी पाच वर्षं त्यांनी सगळ्यांना दमवलं, आणि शोकसभेत त्यांना 'मवाळ स्वभावाच्या' म्हणाले! मला रागच आला, अजूनही आहे.

आता पाड्यावर मी शिकवते. सिस्टरांना जाऊन महिना झाला नाही तोच गुणांचा नवा तक्ता आला, प्रत्येकाला वेगळी चौकट. मी मधल्या रेघा खोडल्या, एकच आकडा लिहिला आणि सही केली. काल तो 'दुरुस्त करा' अशा शेऱ्यानिशी परत आला. मी पाकीट बदललं आणि तोच पुन्हा पाठवला.