बॉनेटवरचा खिंडसी तलाव

कामठी रोडवर टायरमध्ये हवा भरणारा एक माणूस बसतो. त्याचं नाव मला माहीत नाही. गाडीत कुत्रा असला की तो मालकाशी बोलत नाही, सगळं बोलणं कुत्र्याशी.

परवा रविवारी आमच्या शेरूला घेऊन खिंडसी तलावाच्या काठाकाठानं फिरायला निघालो होतो. "कुठं चालला गा?" त्यानं शेरूला विचारलं. उत्तर मी दिलं. तेव्हा त्यानं माझ्या धुळकट बॉनेटवर बोटानं तलाव काढला, काठचा रस्ता, सावलीच्या तीन जागा, कुत्र्याला पाण्यात उतरता येईल असा उतार. शेवटी रामटेकच्या गडावर मोठी फुली मारली.

"तिकडे नको जाऊ बाप्पा. वानरं लय आहेत. इज्जत जाईन तुही."

"आमचा शेरू वाघाला भीत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाले नाही, त्याले सांगून राहिलो."

त्यानंतर गडावर जाणं मला भागच होतं.

संध्याकाळी परतताना त्यानं हात केला, म्हणून थांबावं लागलं. "तलाव मस्त होता. गडावर गेलोच नाही," मी आधीच सांगून टाकलं.

तो बॉनेटपाशी गेला. फुलीवर वानराचे दोन पंजे स्वच्छ उमटले होते. मग त्यानं खिडकीतून वाकून सीटखाली पाहिलं.

"काय गा, तुहा मालक नेहमीच असा खोटं बोलते का?"

गडापासून सीटखाली दडलेल्या शेरूनं तेव्हा पहिल्यांदा शेपटी हलवली.