पाण्याचा काय दोष?

समस्त मोहाडीकरांस कळवण्यात येते की, आमच्या शेजारच्या शास्त्रज्ञ मुलीचं लग्न अणुभट्टीतल्या जळक्या इंधनापायी जमण्याआधीच मोडायच्या बेतात होतं!

ही मुलगी चहात बिस्कीट बुडवते तेही ते किती वेळात विरघळतं ते बघायला. खोटं बोलायची वेळ आली की चष्मा पुसते आणि खरंच बोलते. म्हणून तिला बघायला पाहुणे यायच्या आधी आईनं बजावलं, "शिकवतो म्हन, बस!" पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या माझ्या होत्या, त्यामुळे मीही हजर.

मुलाच्या आईनं विचारलं, "काय काम करते वो तू?"

चष्मा पुसला गेला.

"अणुभट्टीत वापरून झालेलं जळकं इंधन डब्यात घालून जमिनीत खोल पुरतात. पुढे कधी डबा गंजला अन् पाणी आत गेलं, तर इंधनाच्या किरणांनी पाणीच बदलते. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, अन् ते इंधनालेच खाते. किती लवकर खाते, ते मी तपासतो."

आत आईच्या हातून भांडं पडलं. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे निवडू लागला.

त्याच्या आईनं बशी खाली ठेवली आणि त्या ओरडल्याच, "म्हणजे पहिले इंधनानंच पाण्याले बिघडवलं! मंग पाण्याचा काय दोष? पोरगी काही न लपवता खरं बोलते, मले पसंत आहे!"