डाव्या हाताचा विडा

जिजी गायला बसल्या की नवखी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि जाणती माणसं उजव्या हाताकडे. मी पेटीवर असायचो, म्हणजे मला दोन्हीकडे बघणं भाग. पण खरं सांगतो, पुढची जागा मला गळ्याच्या आधी हातात दिसायची. मनगट वळलं की समजायचं, बाई आता वर जाणार. बोटं मिटली की थांबणार. माझी सगळी उमेदीची वर्षं त्या हाताच्या मागे पेटी वाजवण्यात गेली. आता त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे तर आत काही म्हणजे काही हलत नाही. पौषातल्या पहाटे गारठलेली बोटं सुरांवर ठेवली की जसं होतं, तसं झालं आहे. असू दे. लिहितो.

जिजी नाशकात भद्रकालीच्या देवळामागच्या बोळात एका माडीवर राहायच्या. कलावंतिणीच्या घरातला जन्म. लहानपणी त्यांच्या आईने त्यांना बडोद्याला एका उस्तादांकडे ठेवलं होतं. तिथे त्या गाणं आणि नाच शिकल्या, असं मी एकदा कुणाला तरी त्यांच्यादेखत सांगितलं, तर माझ्यावरच उखडल्या. "दोन गोष्टी कुठून आणल्यात मास्तर? उस्तादांनी मला एकच शिकवली. नुसतं गायले तर म्हणायचे, हात काय घरी ठेवून आलीस? आणि नुसती नाचले तर म्हणायचे, तोंडात गुळणी धरलीस का?" पन्नाशी आली, गुडघे कुरकुरायला लागले, तसं उभं राहून नाचणं सुटलं. मग बैठक मारून गायच्या. पायातलं जे काही होतं ते सगळं उजव्या हातात येऊन राहिलं.

त्यांची एक चीज लोक हटकून मागायचे. 'जाता जाता विडा तरी घेऊन जा.' बस, एवढीच ओळ. पुढचा अंतरा होता, पण तिथवर पोचायची घाई कुणाला? जिजी हवेतल्या तबकातून हवेतलं पान उचलायच्या, शिरा खुडायच्या, चुना लावायच्या, घडी घालून लवंग टोचायच्या आणि विडा पुढे करायच्या. ओळ तीच. एकदा अशी म्हणायच्या की नवरा रुसून निघाला आहे. एकदा अशी, की मेला जातोय तर जाऊ दे, उंबऱ्यावरून विडा तेवढा घे. मग कधी पोरगा परगावी निघाल्यासारखी. ती ऐकली की बायका पदर तोंडाशी न्यायच्या.

घोटीला एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे लग्नानंतरची दुपारची बैठक होती. व्यापाऱ्याची म्हातारी आई आतल्या दाराशी बसून ऐकत होती. जिजींनी विडा पुढे केला आणि म्हातारीने खरोखरच हात पुढे केला! पोरं फिदीफिदी हसली. जिजी हसल्या नाहीत. गाता गाताच पुढे सरकल्या, तिच्या तळव्यावर नसलेला विडा ठेवला आणि तिची बोटं मिटून दिली. परतीच्या गाडीत इगतपुरीकडच्या डोंगरांवर ढग उतरले होते. त्यांच्याकडे बघत जिजी म्हणाल्या, "आज विडा पोचला."

तेव्हा, म्हणजे तीस सालानंतरच्या त्या दिवसांत, हवा पालटायला लागली होती. चांगल्या घरच्या मुली गाणं शिकू लागल्या होत्या; पण हात मांडीवर, पाठ ताठ, मान हलवायची नाही. मुंबईत नव्या धर्तीच्या नाचाचे प्रयोग होत होते. आमचे तबल्याचे चाँदभाई ते बघून आले आणि सांगायला लागले, "जिजी, वहाँ नाचनेवाली मुँह नहीं खोलती. गानेवाले बाजू में बैठते हैं."

"म्हणजे?" जिजी म्हणाल्या. "एकीने जेवायचं आणि ढेकर दुसरीने द्यायची?"

चाँदभाई तबल्यावर डोकं ठेवून हसले. जिजींना मात्र खरोखर राग आला होता. "आमचा गळा तेवढा उचलून घरात नेला यांनी," त्या म्हणाल्या, "आणि हातपाय ठेवले बोळातच."

गाणं-नाच एकच, या मताचा सगळ्यात जास्त मार बसला तो शेवंतीला. शेवंती म्हणजे जिजींच्या बहिणीची मुलगी. आई गेली आणि ही मावशीकडे वाढली. पोरगी गुणाची; पण गळा? देवा रे! तिने षड्ज लावला की चाँदभाई कानाला हात लावायचे. आणि तिला वेड कशाचं, तर नाचाचं. केर काढताना तिच्या टाचा बोलायच्या. दळण आणायला पाठवली तर जिन्यावरून चार चालींत उतरायची. "मावशी, मला घुंगरू बांधा ना हो," म्हणून तिने काय कमी विनवण्या केल्या! जिजींचं उत्तर ठरलेलं होतं. "जिला आपलं गाणं आपल्याला म्हणता येत नाही, ती कुणाच्या तोंडाकडे बघून नाचणार? नाही म्हणजे नाही." शेवंती सतरा-अठराची झाली तरी घुंगरू खुंटीलाच होते.

मग एके सकाळी जिजी तोंड धुवायला उठल्या आणि हातातला तांब्या पडला. उचलायला गेल्या तर हातच उचलेना. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. चेहरा वाचला, पाय थोड्या दिवसांनी ओढत का होईना चालायला लागला. हात मात्र गेला तो गेला. डॉक्टर तपासून म्हणाले, "बाई, नशीब थोर तुमचं. गळ्याला धक्का नाही. खुशाल गा."

आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चाँदभाईंनी दर्ग्यात चादर चढवली. मी पेटी पुसून घेऊन गेलो, सूर दिला. जिजींनी षड्ज लावला. काय सांगू, तोच आवाज, तीळभर उणा नाही. मी खुशीत 'जाता जाता'ची सुरुवात वाजवली. त्या "जाता" म्हणाल्या आणि थांबल्या.

"पुढे काय आहे मास्तर?"

मी शब्द सांगितले.

"शब्द ठाऊक आहेत हो मला. पुढे काय आहे?"

मी सबंध ओळ पेटीवर वाजवून दाखवली. त्यांनी ती परक्याची चीज ऐकावी तशी ऐकली. उजवा हात मांडीवर पडला होता, तळवा वर, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. त्या हाताकडे बघत राहिल्या. चाँदभाईंनी हळूच तबल्यावर कापड घातलं. सूर गळ्यात होते, चाल त्या हातात होती आणि ती कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना.

त्यानंतरचे दिवस मला नीटसे आठवतही नाहीत. आम्ही सकाळी जायचो, मी सूर धरायचो, त्या षड्ज लावायच्या आणि पुढे काही नाही. दुःख झालं का म्हणाल, तर तेही धड नाही. चहा प्यायचो आणि घरी यायचो. घाटावर आमची गंगा, म्हणजे गोदावरी, वाहत असायची, बाया धुणी बडवत असायच्या, मला ते सगळं लांबून ऐकू यायचं.

एका सकाळी असाच मी 'जाता जाता' वाजवत होतो, उगीच, सवयीने. शेवंती कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. काय मनात आलं कोण जाणे, सूप बाजूला सारून ती जिजींच्या समोर येऊन बसली आणि हवेतलं पान उचलून घडी घालायला लागली.

"अगं भवाने, चुना कोण लावणार?" जिजी ओरडल्या. "आधी चुना!"

शेवंतीने चुना लावला. घडी घातली. विडा पुढे केला. आणि जिजींच्या तोंडून ओळ निघाली, "जाता जाता विडा तरी..." शेवंतीच घाबरली. तिचा हात थबकला तशी ओळही थबकली.

"थांबू नकोस गं!" जिजी जवळजवळ किंचाळल्या. "मेले, थांबू नकोस!"

त्या दिवशी जिजींनी ती सबंध चीज म्हटली. चाँदभाईंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ठेका सुटत नव्हता. मला इतका आनंद झाला की मी दोनदा चुकीची पट्टी दाबली.

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली. जिजी शेवंतीला शेजारी बसवून डाव्या हाताने एकेक गोष्ट दाखवायच्या. शेवंतीला जो हात दिसला तो तिने उचलला. मी म्हटलं, "अहो जिजी, विडा डाव्या हाताने? लोक काय म्हणतील?"

"माझ्यापाशी आता तोच उरलाय. ती करेल पुढे उजव्याने," त्या म्हणाल्या, आणि ते राहूनच गेलं. खुंटीवरचे घुंगरूही उतरले. एका हाताने गाठ बसेना, तर दुसरं टोक जिजींनी दातांत धरलं. बैठका पुन्हा सुरू झाल्या. शेवंती समोर नाचायची, बसून भाव सांगायची आणि जिजी तिच्या हातावर नजर ठेवून गायच्या. एकदा चाँदभाईंनी संधी साधली. "क्यों जिजी, अब डकार कौन दे रहा है?" जिजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आजारानंतर त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं.

मग मुंबईची एक नृत्यमंडळी नाशकात आली. तिचे चालक एका बैठकीला आले होते; दुसऱ्याच दिवशी माडीवर हजर. त्यांना शेवंती हवी होती. फक्त शेवंती.

जिजींनी विचारलं, "हिला गाता येत नाही. चालेल?"

"बाई, नाचणारीला आता गायला सांगतो कोण? गायला आमच्याकडे वेगळी माणसं आहेत."

इतकी वर्षं जिजींनी पोरीत जो दोष म्हणून काढला, तो या माणसाच्या दुनियेत दोषच नव्हता. चालक गेल्यावर शेवंती म्हणाली, "मी नाही जाणार मावशी." ती स्वयंपाकघरात गेली तसं मी स्पष्टच बोललो.

"ती गेली तर तुमचं गाणं जाईल."

"ठाऊक आहे."

"मग?"

"हिला गाता येत नाही म्हणून मी हिला इतकी वर्षं अडवलं. आता मला गाता यावं म्हणून अडवू? काय माणूस आहात मास्तर तुम्ही!"

शेवंतीच्या जाण्याच्या सकाळी टांगा बोळाच्या तोंडाशी उभा होता, नाशिक रोडला गाडी गाठायची होती. जिजींनी खरं पान घेतलं. एका हाताने चुना लावला, घडी घातली. घडी पुन्हा पुन्हा उलगडत होती. कुणाला हात लावू देईनात. शेवटी कशीबशी लवंग टोचली आणि तो वेडावाकडा विडा डाव्या हाताने शेवंतीपुढे धरला. शेजारच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "अहो जिजी, जाणाऱ्या माणसाला डाव्या हाताने देताय?" जिजींनी ऐकलं न ऐकलंसं केलं. शेवंतीने तो दोन्ही हातांनी घेतला, पायांवर डोकं ठेवलं आणि टांग्यात बसली.

आम्ही वर आलो. मी सवयीने पेटी पुढे ओढली. जिजी म्हणाल्या, "मिटा ती."

मी मिटली. त्यानंतर त्या गायल्या नाहीत. शेवंतीच्या खुशालीचा निरोप आला की मला दोनदा सांगायला लावायच्या आणि "नाचतेय ना? मग झालं," म्हणायच्या. पुढच्या थंडीत त्या गेल्या. शेवंती दौऱ्यावर लांब होती, तिला पोचता आलं नाही. चाँदभाई रडले. मी रडलो नाही. लोकांना वाटलं, मास्तर धीराचा. धीर कसला! सगळं बधिर झालं होतं.

काही काळाने मंडळी पुन्हा नाशकात आली. खेळाच्या आधी मी आणि चाँदभाई शेवंतीला आत भेटायला गेलो. तिचं नाव झालं होतं. ती दोघांच्याही पाया पडली. मावशींच्या नावाने जरा रडली. मग मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अगं, विडा आता उजव्या हाताने देतेस ना?"

"करून पाहिलं मास्तर. चालकही रागावले. पण डाव्या हाताने दिला की मला मावशीचं गाणं ऐकू येतं. उजव्याने दिला की बाजूला बसलेली बाई गाते तेवढंच."

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. बाजूला बसलेली बाई पुण्याची होती, आवाज तयारीचा, बोट ठेवायला जागा नाही. ती ओळ आली. शेवंतीने पान उचललं, आधी चुना लावला, घडी घातली. घडी उलगडली. पुन्हा घातली. ते जिजींच्या चिजेत नव्हतं. ते बोळाच्या तोंडाशी टांगा उभा होता त्या सकाळचं होतं. मग तिने डावा हात पुढे केला. आमच्या मागे कुणीतरी पुटपुटलं, "डाव्या हाताने विडा? हिला शिकवलं तरी कुणी?"

"मास्तर," चाँदभाई माझ्या कानाशी म्हणाले, "हाथ."

मी खाली बघितलं. माझा हात पुढे झाला होता, तळवा वर करून. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघत होते. चाँदभाईंनी माझी बोटं हळूच मिटली आणि हात मांडीवर ठेवून दिला.