रिकामा कॅरिअर

तुमसरच्या दुकानात लेकीसाठी नवी सायकल पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. घंटी नाही, कुलूप नाही, मडगार्ड नाही, मागे कॅरिअरसुद्धा नाही.

"बाई, आजकाल सायकलसंगं हे काही येत नाही. सारं अलग लावा लागते," दुकानदार म्हणाला.

"मंग उद्या चाकं बी अलग विकसान!"

बाकीचं सोडलं, पण कॅरिअर मी भांडून लावून घेतला. गिरणीवरून तांदूळ आणायचे कशावर?

लेकीची शाळा तलावापलीकडच्या गावात, रस्ता तलावाच्या बांधावरून, पाळीवरूनच. त्याच तलावात माझा नवरा जाळं टाकायला उतरला, तो जिवंत वर आला नाही. बाप गेला तरी पोरीची शाळा सुटू द्यायची नाही, एवढं एकच मी धरून ठेवलं होतं.

आठवड्याभरातच लेक तोंड पाडून आली. "आई, पाळीवर आली का सायकल जड होते. मागं कोनी बसल्यावानी. पाळ सरली का हलकी."

मी तिलाच रागावले. मग सायकल पंक्चरवाल्याकडे नेली. हवा बरोबर होती, ब्रेकही घासत नव्हता. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, मी शाळेत जात नाही.

सासू चुलीपासून म्हणाली, "रिकामा कॅरिअर पाळीवरून काहून नेऊन राहिली ते? कोनी तं बसनारच. काही बांधून देत जा व."

सकाळी मी कॅरिअरवर भाताच्या तणसाची पेंडी बांधून दिली. संध्याकाळी लेक हसत आली. सायकल हलकी झाली होती. मला हायसं वाटलं, पण जेवताना मनात आलं: पोरीला सोबत करायला तिच्या मागे येऊन बसणारं दुसरं होतं कोण?

रविवारी पेंडी सोडून मी एकटीच सायकलीने पाळीवर गेले. दिवस मावळत होता. पाण्यावर काहीच हलत नव्हतं, बेडूकही गप्प होते. मी मुद्दाम हळू चालवली. मधोमध थांबले.

"बसा ना जी," मी म्हटलं.

पाळ संपली. परत फिरले, पुन्हा थांबले. सायकल घरापर्यंत हलकीच राहिली.

सोमवारी सकाळी पेंडी पुन्हा बांधली. गाठ आवळताना मला रडू फुटलं, पण सैल सोडली नाही. पोरीला शाळेत जायचं होतं.